धुराचं वजन

१९१२ च्या मे महिन्यात हवाई बेटावरच्या किलाउएआ ज्वालामुखीच्या विवरात दोन संशोधक उतरले. आर्थर डे आणि ई. एस. शेफर्ड, दोघेही वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेच्या भूभौतिक प्रयोगशाळेतले. हालेमाउमाउ नावाच्या त्या विवराच्या तळाशी वितळलेल्या खडकाचं तळं खदखदत होतं. त्या दिवसांत तळ्याची पातळी खाली गेली होती, म्हणून काठापर्यंत पोचणं शक्य झालं होतं. काठाशी थिजलेल्या लाव्ह्याचा एक लहानसा घुमट उभा होता, पालथ्या घातलेल्या कढईसारखा, आणि त्याच्या भेगांतून आतल्या ज्वाळा दिसत होत्या. दोघांनी एका भेगेत लोखंडी नळी खुपसली, तिला काचेच्या नळ्यांची रांग जोडली आणि पंप मारायला सुरुवात केली. बाहेरची हवा मिसळायच्या आत ज्वालामुखीच्या पोटातला वायू थेट काचेत यावा, यासाठी ही सगळी खटपट होती.

काच धुरकट झाली. थेंब जमले. मग नळ्यांमध्ये पाणी साचलं.

त्या पाण्यासाठीच एवढा जीव धोक्यात घातला होता. ज्वालामुखीच्या तोंडावर दिसणारा पांढरा ढग म्हणजे वाफ, असं पूर्वापार सगळे धरून चालले होते. जिनिव्हाचे रसायनशास्त्रज्ञ आल्बेर ब्रुन यांनी मात्र या समजुतीला आव्हान दिलं. १९१० मध्ये ते स्वतः किलाउएआवर येऊन गेले होते. ज्वालामुखीच्या मूळ वायूंत पाणी नसतंच आणि हा ढग क्षारांच्या बारीक कणांचा असतो, हे त्यांचं म्हणणं होतं. काठावर उभं राहून हा वाद मिटणार नव्हता. वायू त्याच्या उगमाशी पकडावा लागणार होता, आणि डे-शेफर्ड जोडीने तो पकडला. पाण्यासोबत कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड असे वायूही हाती लागले. यातले काही वायू एकत्र आले की आपसांत संयोग पावतात आणि उष्णता देतात. लाव्ह्याचं तळं इतके दिवस तापलेलं कसं राहतं, याचं एक उत्तर दोघांना तिथे दिसलं.

किलाउएआच्या वायूंची नोंद अशा एका झटापटीने सुरू झाली. एका दिवसाचा पराक्रम म्हणून ती तिथेच संपली नाही, याचं श्रेय थॉमस जॅगर यांचं.

जॅगर मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षण संस्थेत भूशास्त्राचे प्राध्यापक होते. ८ मे १९०२ रोजी कॅरिबियन समुद्रातल्या मार्तिनिक बेटावर माँ पेले ज्वालामुखीने सें-पिएर हे अख्खं शहर काही मिनिटांत जाळलं. सुमारे २८ हजार माणसं गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत जॅगर तिथे पोचले, आणि जे पाहिलं ते त्यांच्या मनातून आयुष्यभर गेलं नाही. उद्रेक झाल्यावर बोटीने जायचं, राख तपासायची आणि परतायचं, या रीतीने ज्वालामुखी कधीच कळणार नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. रोगी दगावल्यावर येणाऱ्या वैद्याचा काय उपयोग? वैद्य गावातच राहायला हवा.

त्यांनी किलाउएआ निवडला. तो बराच काळ जागा असतो, तरी बहुतेक वेळा माणसाला जवळ येऊ देतो. १९११ च्या उन्हाळ्यात ज्वालामुखी-संशोधक फ्रँक पेरेट यांनी हालेमाउमाउच्या काठावर एक लाकडी खोपट उभारून रोजची निरीक्षणं सुरू केली होती. १९१२ च्या जानेवारीत जॅगर स्वतः दाखल झाले आणि हवाईची ज्वालामुखी वेधशाळा उभी राहिली. भूकंपमापकासाठी कड्यावर तळघर खणायला तुरुंगातले कैदी आणले होते. पैसा स्थानिक व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून आला. तिथल्या लोकांसाठी ही जागा मुळातच रिकामी नव्हती. हालेमाउमाउ म्हणजे आमाउ नावाच्या नेच्यांचं घर, आणि त्या घरात ज्वालामुखीची देवी पेले हिचा वास. वाऱ्यावर उडणाऱ्या लाव्ह्याच्या सोनेरी काचतंतूंना आजही जगभरचे शास्त्रज्ञ ‘पेलेचे केस’ म्हणतात.

१९१७ ते १९१९ या काळात जॅगर यांनी तळ्याकाठच्या पेटत्या भोकांतून वायूचे नमुने गोळा केले. आतली हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळ्या ते वापरत. नळीचं तोंड वायूच्या झोतात उघडलं की वायू आपसूक आत ओढला जायचा. नळ्या वॉशिंग्टनला जायच्या, शेफर्ड त्यांचं पृथक्करण करायचे आणि आकडे छापले जायचे. पुढे १९२४ च्या मे महिन्यात तळं आटलं, विवराच्या भिंती ढासळल्या, पाणी आणि तापलेला खडक एकमेकांना भिडून स्फोट झाले आणि हालेमाउमाउचं तोंड पूर्वीच्या दुपटीहून रुंद झालं. जॅगर यांचे पेटते घुमट नाहीसे झाले. तसे नमुने घेण्याची संधी पुढे फार वर्षं कुणाला मिळाली नाही.

या नमुन्यांची खरी किंमत साठ वर्षांनी कळली. १९८० मध्ये टेरेन्स गेर्लाक यांनी ते जुने आकडे पुन्हा मांडायला घेतले. कुठल्या नळीत हवा शिरली होती, कुठल्या नळीतलं पाणी नंतर कमी झालं होतं, हे त्यांनी रसायनशास्त्राच्या हिशेबाने शोधून काढलं आणि चांगले नमुने वेगळे केले. जॅगर यांच्या आठव्या क्रमांकाच्या नमुन्यात जवळजवळ निम्मा कार्बन डायऑक्साइड निघाला, पाणी तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. उलट, १९८३ नंतर ज्वालामुखीच्या पूर्वेकडच्या भेगांतून येणाऱ्या वायूत पाणी ऐंशी टक्क्यांच्या आसपास आणि कार्बन डायऑक्साइड तीन टक्क्यांच्या घरात होता. एकाच ज्वालामुखीच्या वायूत एवढा फरक कसा?

उत्तर सोड्याच्या बाटलीसारखं आहे. खोलातून वर येणाऱ्या मॅग्म्यात कार्बन डायऑक्साइड फार काळ विरघळून राहू शकत नाही. दाब थोडा कमी झाला की तो आधी सुटतो आणि शिखरावरून निघून जातो. उरलेला मॅग्मा जमिनीखालून पूर्वेच्या भेगांकडे सरकतो तोवर उघड्या ठेवलेल्या सोड्यासारखा बसका झालेला असतो. पाणी आणि गंधक मात्र वरच्या थरात येईपर्यंत त्याच्यातच राहतात. म्हणून शिखरावर कार्बन डायऑक्साइड वाढला तर खोलातून नवा माल निघाल्याची ती वर्दी असते, आणि गंधकाचा वायू वाढला तर मॅग्मा अगदी उंबऱ्याशी आल्याची. आज जगभर ज्वालामुखीच्या वायूंचा अर्थ ज्या तऱ्हेने लावतात, त्याचा मोठा भाग या ताळ्यावर उभा आहे. पुढे कुणीतरी आपले आकडे पुन्हा तपासील हे जॅगर यांना ठाऊक नसणार, तरी तपासता येतील इतक्या निगुतीने त्यांनी ते लिहून ठेवले.

नळीची एक मर्यादा होती. वायू कसला आहे हे ती सांगायची, किती आहे हे नाही. शिवाय नळी घेऊन तोंडाशी जावं लागतं. १४ जानेवारी १९९३ रोजी कोलंबियात गालेरास ज्वालामुखीच्या विवरात शास्त्रज्ञांची एक तुकडी उतरली असताना अचानक स्फोट झाला आणि नऊ जण ठार झाले. त्यांत रशियाचे वायू-रसायनतज्ज्ञ इगोर मेन्यायलोव्ह होते. सारं आयुष्य त्यांनी अशाच भेगांशी बसून नमुने घेण्यात घालवलं होतं.

दुरून मोजण्याचं साधन कारखान्याच्या धुराड्यांमुळे हाती आलं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातल्या बॅरिंजर कंपनीने धुराड्यांतून बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड मोजायला एक यंत्र बनवलं. त्याचं नाव कॉस्पेक. आभाळातून येणाऱ्या प्रकाशातले ठरावीक अतिनील किरण हा वायू शोषून घेतो. यंत्र वर रोखायचं आणि डोक्यावरच्या हवेत त्या किरणांची किती तूट पडली ते पाहायचं. डार्टमथ कॉलेजचे रिचर्ड स्टॉयबर यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हे यंत्र मध्य अमेरिकेतल्या ज्वालामुखींवर रोखलं. धुराड्यासाठी बनवलेलं यंत्र डोंगराच्या धुराड्यालाही लागू पडलं.

किलाउएआवर १९७९ पासून ही मोजणी नियमित झाली. तिचं स्वरूप फार साधं आहे, आणि त्या साधेपणातच तिची मेहनत आहे. यंत्र गाडीत ठेवायचं, त्याची दुर्बीण आभाळाकडे करायची आणि धुराच्या पट्ट्याखालून रस्ता पार करायचा. पट्टा सुरू झाला की कागदावरची लेखणी वर चढू लागायची, ऐन मध्यावर टोक गाठायची आणि पट्टा संपताना पुन्हा खाली यायची. कागदावर एक डोंगर उमटायचा. त्या डोंगराच्या क्षेत्रफळाला वाऱ्याच्या वेगाने गुणलं की दिवसाला किती टन वायू जातोय ते निघतं. एवढं करून गाडी वळवायची आणि तोच रस्ता परत पार करायचा. मग पुन्हा. एका फेरीत वाऱ्याची झुळूक फसवू शकते, म्हणून अनेक फेऱ्यांची सरासरी. वाऱ्याचा वेग चुकला की टनांचा आकडाही तेवढाच चुकतो, आणि हा वेगच सगळ्यात हुलकावणी देणारा.

हवाईत वर्षातले बरेच दिवस ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. शिखराचा धूर त्यामुळे नैर्ऋत्येला जातो, आणि सुदैवाने तिथे विवराला वळसा घालणारा रस्ता आहे. पूर्वेच्या भेगांचा धूर समुद्राकडे उतरणाऱ्या दुसऱ्या रस्त्यावरून जायचा. वारा फिरला की धुराखाली रस्ताच उरत नाही आणि त्या दिवशी वहीत रकाना कोरा राहतो. टॉम कॅसाडेव्हल यांनी या मोजणीचा पाया घातला. नंतर टॅमर एलायस आणि जेफ सटन यांनी दशकानुदशकं ती चालवली. दिवाळीच्या रात्री फटाक्यांच्या धुराने घशाला जी चरचर लागते, तसल्या हवेतून तेच वळण, तोच रस्ता, वर्षानुवर्षं. विज्ञानाच्या इतिहासात अशा फेऱ्यांची नोंद क्वचितच होते. ती व्हायला हवी.

३ जानेवारी १९८३ रोजी पूर्वेच्या भेगेवर उद्रेक सुरू झाला आणि पुउ ओओ नावाचा शंकू उभा राहिला. हा उद्रेक ३५ वर्षं चालला. त्यातली बरीच वर्षं दिवसाला दोन हजार टनांच्या आसपास सल्फर डायऑक्साइड हवेत जात होता. उन्हात आणि दमट हवेत तो आम्लाच्या बारीक कणांत बदलतो आणि बेटाच्या पश्चिमेकडच्या कोना भागावर करड्या धुक्यासारखा बसतो. लोकांनी त्याला ‘व्हॉग’ म्हणायला सुरुवात केली. ज्वालामुखी आणि धुकं या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांचा हा जोडशब्द. कोनातल्या अनेक घरांत पन्हाळीवाटे टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी पितात. १९८८ मध्ये तपासणी झाली तेव्हा अशा घरांपैकी सुमारे ४० टक्के घरांच्या पाण्यात शिसं सापडलं. आम्लाच्या पावसाने छपरातलं आणि नळजोडांतलं शिसं विरघळवून टाकीत आणलं होतं. काहींच्या रक्तातही ते वाढलेलं निघालं. विवरापासून दूर, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला राहणाऱ्या कुटुंबाच्या पिण्याच्या पाण्याशी त्या फेऱ्यांचा असा संबंध होता.

मोजणीने जीव वाचतात हे मात्र दुसऱ्या एका बेटावर दिसलं. १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो शतकानुशतकांच्या झोपेतून जागा होऊ लागला. कॉस्पेकने १३ मे रोजी दिवसाला ५०० टन सल्फर डायऑक्साइड दाखवला, २८ मे रोजी ५,००० टन. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात आकडा ३०० टनांच्याही खाली घसरला. ज्वालामुखी शांत होतोय असं वाटण्याजोगी ही घसरण होती. तज्ज्ञांनी मात्र तिचा अर्थ उलटा घेतला. वाटा बुजल्या आहेत आणि आत दाब वाढतो आहे. भूकंपांच्या नोंदीही तेच बोलत होत्या. हजारो माणसं हलवली गेली आणि १५ जूनला विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला.

किलाउएआवर इतकं नाट्य नव्हतं, पण लांब वहीचा खरा उपयोग तिथेच कळतो. शिखरावरून दिवसाला सुमारे ८,५०० टन कार्बन डायऑक्साइड जातो, असा हिशेब गेर्लाक आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकातल्या मोजणीवरून मांडला होता. २००४ च्या सुमाराला हा आकडा दुपटीच्या वर गेला. डोळ्यांना काहीच वेगळं दिसत नव्हतं. पुढच्या काही वर्षांत शिखर फुगलं, पूर्वेच्या भेगांत लाव्हा वाढला, आणि २००७ अखेरपासून शिखराचा सल्फर डायऑक्साइडही चढू लागला. १९ मार्च २००८ च्या पहाटे हालेमाउमाउच्या भिंतीत स्फोट होऊन नवं तोंड उघडलं, १९२४ नंतरचा तिथला पहिला स्फोट. खोलातून नव्या मॅग्म्याचा लोट निघाला होता, हे मागे वळून पाहताना कार्बन डायऑक्साइडच्या त्या नोंदींवरून कळलं. जुने आकडे वहीत नसते तर नवा आकडा जास्त आहे की नेहमीचाच, हे कुणाला सांगता आलं असतं?

त्याच तोंडाने मोजणीतली एक चूकही उघडी पाडली. नव्या विवरातून निघणारा धूर इतका दाट होता की प्रकाश त्यातून सरळ जाईना, आतल्या आत विखुरला जाऊ लागला, आणि जुन्या पद्धतीने काढलेले आकडे प्रत्यक्षापेक्षा कमी भरू लागले. तोवर कॉस्पेकची जागा मुठीत मावेल अशा नव्या वर्णपटमापकाने घेतली होती. बदलण्याआधी जुनं आणि नवं यंत्र एकत्र चालवून आकडे जुळतात का ते पाहिलं होतं, म्हणून वही तुटली नाही. आता धुराच्या मार्गात जमिनीवर अशा दहा यंत्रांची कायमची रांग मांडली गेली. २०१४ ते २०१७ या काळात शिखरावरून दिवसाला सरासरी ५,००० टनांच्या आसपास सल्फर डायऑक्साइड जात होता, हे तिने दाखवलं. आपले आधीचे आकडे कमी होते, हे त्याच लोकांनी स्वतःच छापून सांगितलं. या वहीवर विश्वास बसतो तो अशा पानांमुळे.

हवाईतलं हे काम महाराष्ट्राच्या कातळालाही जाऊन भिडतं. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्ह्याचे थर एकावर एक साचून बनला आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्याच्या थरांचं वर्णन करताना आपले भूशास्त्रज्ञ ‘पाहोएहोए’ आणि ‘आआ’ हे हवाईयन शब्दच वापरतात, पहिला गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्यांच्या लाव्ह्याला, दुसरा खडबडीत, तुटक्या लाव्ह्याला. कुठल्याही गडाची वाट चढताना कातळात वाटाण्याएवढी भोकं दिसतात, त्यांपैकी काही पांढऱ्या खड्यांनी भरलेली. ती भोकं म्हणजे थिजता थिजता अडकलेले वायूचे बुडबुडे. त्यांत मागाहून झिओलाइटचे स्फटिक वाढले. वाघोलीच्या खाणींतलं निळंशार कॅव्हनसाइट अशाच पोकळ्यांत सापडतं. दख्खनच्या त्या उद्रेकांनी हवेत किती गंधक सोडला, डायनासोरांच्या अंताशी त्याचा किती संबंध, हा प्रश्न अजून चर्चेत आहे. तेव्हा नळी धरून उभं राहायला कुणी नव्हतं. म्हणून स्टीफन सेल्फ आणि सहकाऱ्यांनी दख्खनच्या खडकात टिकून राहिलेल्या काचेतला गंधक आणि क्लोरीन मोजले आणि २००८ मध्ये त्यावरून हिशेब मांडला. वायू कधीच उडून गेला, पण त्याचा माग काढण्याची रीत आजच्या जित्या ज्वालामुखींनीच शिकवलेली आहे.

किलाउएआच्या शेजारच्या मौना लोआ ज्वालामुखीवरची गोष्ट निराळी आहे. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ च्या मार्चपासून तिथे साऱ्या जगाच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. हवामानबदलाच्या प्रत्येक चर्चेत दिसणारी ती चढती रेघ तिथलीच. केंद्र ज्वालामुखीच्याच उतारावर असल्याने रात्री थंड हवा शिखरावरून खाली घसरते तेव्हा डोंगराचा स्वतःचा वायू यंत्रात शिरतो आणि आकडे उड्या मारतात. असे तास जागतिक हिशेबातून वगळले जातात. स्टीव्हन रायन यांनी हे वगळलेले तासच घेतले आणि १९५८ पासून मौना लोआने किती वायू सोडला याचा इतिहास त्यांतून उभा केला. १९७५ आणि १९८४ च्या उद्रेकांनंतर आकडा उसळतो आणि मग वर्षांमागून वर्षं हळूहळू उतरत जातो, हे त्यात स्वच्छ दिसतं.

२०१८ च्या मे महिन्यात किलाउएआच्या पूर्व टोकाला, लोकवस्तीतच, जमीन फाटली. एकामागून एक २४ भेगा उघडल्या. सातशेहून अधिक घरं गेली. ऐन भरात दिवसाला दोन लाख टनांच्या घरात सल्फर डायऑक्साइड बाहेर पडत होता. शिखराखालचा मॅग्मा तिकडे वाहून गेल्याने हालेमाउमाउचा तळ शेकडो मीटर खचला. कड्यावरच्या वेधशाळेच्या इमारतीला तडे गेले आणि माणसांना यंत्रं घेऊन बाहेर पडावं लागलं. ऑगस्टमध्ये सगळं थांबलं आणि शिखराचा सल्फर डायऑक्साइड दिवसाला तीसेक टनांवर आला, नियमित मोजणी सुरू झाल्यापासूनचा नीचांक.

२०१९ च्या जुलै अखेरीस खचलेल्या तळाशी हिरवट पाण्याचं डबकं दिसलं. भूजल आत झिरपत होतं. डबक्याचं तळं झालं, रंग पिवळसर तपकिरी झाला. वायू मोजणाऱ्यांसाठी हा नवा पेच होता, कारण सल्फर डायऑक्साइड पाण्यात विरघळतो. मॅग्मा वर आला तरी वर दिसणारा आकडा लहानच राहील. त्या ऑक्टोबरात ड्रोनला नळी टांगून तळ्याचं पाणी वर आणलं. आम्लता मोजली, विरघळलेला गंधक मोजला. डे आणि शेफर्ड यांच्या नळीत त्याच विवरातलं पाणी आलं होतं त्याला शंभरावर वर्षं झाली होती.

२० डिसेंबर २०२० च्या रात्री भिंतीत भेगा उघडल्या आणि लाव्हा धबधब्यासारखा तळ्यात कोसळू लागला. पन्नास मीटर खोल पाणी काही तासांत उकळून गेलं आणि त्याच्या वाफेचा खांब काळोखात उंच चढला. गाडी पुन्हा धुराखालच्या रस्त्यावर निघाली. तीस टनांवर येऊन ठेपलेला आकडा आता हजारो टनांत गेला होता.